जेवढं सांगितलंत, तेवढंच तुमचं

औषधाच्या पेटंटचा कुठलाही अर्ज उघडा. पहिल्याच दाव्यात रेणूचा सांगाडा काढलेला असतो आणि त्याच्या कोपऱ्यांवर आर-१, आर-२, आर-३ अशा मोकळ्या जागा. कुठे काय बसेल याची लांबलचक यादी : हायड्रोजन, हॅलोजन, अल्किल, अराइल. पाच जागा आणि प्रत्येक जागेला वीस पर्याय धरले, तरी ३२ लाख संयुगं होतात. प्रत्यक्ष बनवून तपासलेली त्यातली मूठभर. याला मार्कुश दावा म्हणतात. दोन गुंठे कसायचे आणि सातबारा अख्ख्या गावाचा मागायचा, असा हा व्यवहार आहे आणि तो मला संतापजनक वाटतो.

पेटंट ही बक्षिसी नव्हे, सौदा आहे. २० वर्षांची मक्तेदारी घ्या, बदल्यात शोध उघडा करा. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याचं कलम १०(४) शोधाचं पूर्ण आणि नेमकं वर्णन मागतं. ‘बाकीचं तुम्हीच शोधा’ याला त्यात जागा नाही.

अमेरिकेत आयडेनिक्स या औषध कंपनीने असाच हात मारून पाहिला. प्रतिस्पर्धी गिलियडच्या सोफोसबुविर या हिपॅटायटिस सी वरच्या औषधात शर्करेच्या कड्यातल्या एका कार्बनवर वरच्या बाजूला मिथाइल आणि खालच्या बाजूला फ्लोरिन असतं. आयडेनिक्सच्या पेटंटात पर्यायांच्या याद्यांवर याद्या होत्या, पण नेमकी ही जोडी कुठेच नव्हती. तरी २०१६ मध्ये ज्यूरीने त्यांच्या पदरात २५४ कोटी डॉलर टाकले. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने ते पेटंटच अवैध ठरवलं; लेखी वर्णन अपुरं, हे त्यामागचं एक कारण. योग्यच केलं. जे तुम्ही लिहिलंच नाही, ते दुसऱ्याने घाम गाळून बनवल्यावर तुमचं कसं होईल?

भारतात नोव्हार्टिसने याच्या उलट कसरत केली. ग्लिवेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाला अमेरिकेत आधीच्या झिमरमन पेटंटचं कवच होतं. ब्रिटनमध्ये त्याच शोधाच्या युरोपीय पेटंटच्या जोरावर नॅटको या भारतीय औषध कंपनीला नोटीसही गेली. भारतात मात्र याच कंपनीचा युक्तिवाद असा, की ग्लिवेकमधलं इमॅटिनिब मेसिलेट हे संयुग त्या पेटंटच्या कक्षेत येतं, पण त्यात उघड केलेलं नाही! म्हणजे दुसऱ्याला अडवायचं तेव्हा जुनं, स्वतःला नवं पेटंट हवं तेव्हा नवं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी हा दुटप्पीपणा फेटाळला. दावा आणि प्रकटीकरण यांत प्रचंड दरी ठेवणारा पेटंट कायदा या देशात नको, असं त्यांनी स्पष्ट बजावलं.

तरीही खोड गेली नाही. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनसाठी अ‍ॅस्ट्राझेनेका दोन पेटंटं घेऊन, इतर कंपन्यांना रोखायला दिल्ली उच्च न्यायालयात आली. आधीचं व्यापक पेटंट २०२० मध्ये संपलेलं, नंतरचं २०२३ पर्यंतचं, आणि औषध मात्र दोन्हींत येतं म्हणे. २०२१ मध्ये खंडपीठाने मनाई हुकूम नाकारला : एका शोधाला एकच पेटंट.

हे सगळं कोर्टात, वर्षानुवर्षं भांडून का ठरावं? पेटंट परीक्षकाने पहिल्याच अहवालात विचारावं : यातली कोणती संयुगं तुम्ही बनवलीत? उरलेली चालतील हे कशावरून? उत्तर नसेल तर दावा छाटावा. आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या, शिकणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे : हे अर्ज वाचा. कलम २५(१) नुसार पेटंट मंजूर होण्याआधी कोणतीही व्यक्ती विरोध नोंदवू शकते. तो हक्क वापरा.