समुपदेशकाच्या पाटीमागे कोण बसलंय?

आमच्या शाळेच्या कार्यालयाबाहेर एक फलक आहे. तक्रार पेटी कुणाकडे, सखी सावित्री समितीत कोण, पोषण आहाराचा हिशेब कोण ठेवतं, अशी सगळी नावं त्यावर आहेत. शेवटच्या ओळीत ‘समुपदेशक’ असं लिहून पुढे माझं नाव होतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राचा एक पेपर होता आणि नंतर तीन दिवसांचं एक प्रशिक्षण झालं. चहा, बिस्किटं, प्रोजेक्टर, शेवटी प्रमाणपत्र. एवढ्यावर मी समुपदेशक झाले, आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

मग नववीतली एक मुलगी माझ्याकडे येऊ लागली. तिची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. ती वुजूला बसली की पाऊण पाऊण तास उठायची नाही. कोपर कोरडं राहिलं असं वाटायचं, की पुन्हा पहिल्यापासून. नमाजेत रकात किती झाल्या याची शंका, पुन्हा नीयत. हातांची कातडी सोलवटली होती. सुरुवातीला तिची अम्मी खूश होती, पोरगी दीनदार झाली म्हणून. पुढे वर्गात तिला वहीसुद्धा उघडवेना, कारण वहीला कुणाचं तरी बोट लागलंय.

ती रोज मधल्या सुट्टीत यायची आणि विचारायची, “टीचर, मेरा वुजू हुआ ना?” मी तिच्या पाठीवरून हात फिरवून सांगायची, “हो गया बेटा, अल्लाह माफ करनेवाला है.” तिचा चेहरा मोकळा व्हायचा, ती वर्गात जायची. दुसऱ्या दिवशी दोनदा यायची. मला वाटायचं, पोरीला माझा आधार वाटतोय.

घरच्यांनी तिला एका आमिलकडे नेलं. त्यानं असर असल्याचं सांगितलं, ताईत दिला, दम केलेलं पाणी दिलं आणि त्या पाण्यानं दिवसातून अमुक वेळा हात धुवायला सांगितलं. हात धुण्याचाच आजार असलेल्या मुलीला! साडेतीन हजार घेतले. पुढे एका शिकल्यासवरल्या नातेवाइकाच्या सांगण्यावरून शहरातल्या एका ‘काउन्सेलर’कडे नेलं. काचेची केबिन, भिंतीवर इंग्रजी सुविचार, नावापुढे चार-पाच अक्षरं. त्यानं मोबाइलचं व्यसन आणि अतिविचार असं निदान केलं आणि रोज आरशासमोर म्हणायची वाक्यं लिहून दिली. एका बैठकीचे आठशे, अशा नऊ बैठका झाल्या. मोबाइल अम्मीचा होता, मुलीकडे नव्हताच. त्या केबिनमधून गोष्ट बाहेर कशी आली ते कळलं नाही, पण मुलीच्या मोठ्या बहिणीला बघायला आलेल्या लोकांनी “छोटी का दिमाग का इलाज चल रहा है क्या?” असं विचारलं आणि बोलणी तिथेच थांबली.

शेवटी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञानं तिचं नीट ऐकून घेतलं आणि अर्ध्या तासात आजाराचं नाव सांगितलं. ओसीडी. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात, आपल्या घरांत वसवसा म्हणतात. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मला दोन्ही शब्द माहीत होते आणि समोर आजार दिसत असूनही ओळखता आला नव्हता. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही अगदी सौम्यपणे. या आजारात “झालं, झालं, सगळं ठीक आहे” अशी खात्री पुन्हा पुन्हा दिली की शंका शमत नाही, उलट तिला खतपाणी मिळतं. म्हणजे वर्षभर मी रोज मधल्या सुट्टीत तिचा आजार वाढवत होते, तेही प्रेमानं.

तेव्हापासून एकच प्रश्न मनात आहे. त्या मुलीवर तीन जणांनी ‘उपचार’ केले: मी, आमिल आणि केबिनवाला. तिघांपैकी एकाकडेही परवाना नव्हता. तसा तो मागायला कुणी आलंही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हा आधी डॉक्टर असतो. त्याची नोंद वैद्यकीय परिषदेकडे असते, चुकला तर तिथे तक्रार करता येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे गोळ्या न देता उपचार करणारा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ, याची नोंद १९९२च्या कायद्यानं स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. नोंद नसताना ते काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार! त्या केबिनमधल्या दोन बैठकांचे पैसे याहून जास्त होतात.

पण त्यानं स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हटलंच नव्हतं. ‘काउन्सेलर अँड लाइफ कोच’ म्हटलं होतं. हे शब्द कुणीही वापरू शकतो. सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा केलेला वापरतो, दोन पुस्तकं वाचलेला वापरतो, तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली मराठीची शिक्षिकाही वापरते. ही फट बुजवायला २०२१ साली संसदेनं आरोग्यसेवेशी संलग्न व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मानसोपचार क्षेत्रातले समाजसेवक असे बरेच जण आहेत. राज्याराज्यांत परिषदा, नोंदवही, अभ्यासक्रमाचं किमान प्रमाण, सगळं त्यात लिहिलंय. पण आमच्या भागात समुपदेशनाची पाटी लावलेल्या ज्यांना ज्यांना मी या नोंदणीबद्दल विचारलं, त्यांच्यापैकी एकालाही नीट सांगता आलं नाही. एकानं जीएसटीचा नंबर दाखवला.

दरम्यान जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संपर्क ठेवावा. निर्देश चांगलाच आहे. पण ‘पात्र’ कुणाला म्हणायचं याची चाळणी बसलेली नसेल, तर शाळा काय करणार? आमच्यासारखंच करणार, फलकावर कुणाचं तरी नाव लिहून मोकळी होणार.

आमिलचं प्रकरण वेगळं आहे. महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. म्हणजे आमिलनं मारलं असतं तर निदान पोलिसात जाता आलं असतं. त्यानं फक्त चुकीचा सल्ला देऊन पैसे घेतले आणि वेळ घालवला. केबिनवाल्यानंही तेच केलं. मोहल्ल्यात शिकलेले लोक आमिलला हसतात आणि केबिनवाल्याला सर म्हणतात. मला दोघांत फरक दिसतो तो एसीचा.

मी हे बोलते तेव्हा आपल्याच लोकांकडून पहिला आक्षेप ठरलेला येतो: आज काउन्सेलरला परवाना, उद्या सरकार दर्ग्यात आणि मदरशात घुसेल. ही भीती उगाच नाही, आजच्या वातावरणात तर नाहीच. तरी मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट, परवान्याची कल्पना आपल्यावर बाहेरून लादलेली नाही. अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. तिचा आशय असा, की वैद्यकीची जाण असल्याची ओळख नसताना जो उपचार करतो, नुकसान झालं तर त्याची जबाबदारी त्याच्यावर. नीयत चांगली होती हा बचाव तिथे चालत नाही. हिजरी ३१९ म्हणजे इसवी सन ९३१मध्ये बगदादला एका वैद्याच्या चुकीनं माणूस दगावला. खलिफा मुक्तदिरनं मुहतसिबला हुकूम दिला, की सिनान इब्न साबितनं परीक्षा घेतल्याखेरीज कुणी वैद्यकी करायची नाही. आठशेहून जास्त वैद्य परीक्षेला बसवले गेले, अशी नोंद जुन्या इतिहासकारांनी ठेवली आहे. आणि वसवशाबद्दल म्हणाल, तर त्याच शतकात वारलेल्या अबू जैद अल-बल्खीनं शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर पुस्तक लिहिलं, त्यात वसवशाचा स्वतंत्र विचार केलाय. आपण मात्र साडेतीन हजारांचा ताईत घेतो.

दुसरी गोष्ट एरवाडीची. तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात दर्ग्याच्या आसपास खासगी लोकांनी मनोरुग्णांसाठी झोपड्या चालवल्या होत्या. नातेवाईक पैसे भरून माणसं ठेवून जायचे. त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशाच एका ठिकाणी आग लागली आणि २८ माणसं गेली. ती साखळ्यांनी बांधलेली होती, पळता आलं नाही. त्या जागेला परवाना नव्हता. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळीनं बांधायला पूर्ण बंदी घातली आणि मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या कुठल्याही संस्थेला, तिचं नाव काहीही असो, नोंदणी सक्तीची केली. तरीही जानेवारी २०१९मध्ये उत्तर प्रदेशातल्या बदायूँमध्ये धार्मिक स्थळी साखळदंडात ठेवलेल्या माणसांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलंच. दर्ग्याच्या आदबीला धक्का परवान्यानं बसतो की या साखळ्यांनी?

उलट चालही असू शकते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाला मीरा दातार दर्गा आहे. आपल्याकडचेही पुष्कळ लोक तिथे जातात. तिथे दवा आणि दुआ एकत्र नेण्याचा उपक्रम सुरू झाला. दर्ग्याचे मुजावर आलेल्या माणसासाठी दुआ करतात आणि आवारातच बसलेल्या डॉक्टरकडे पाठवतात. मुजावर मुजावरच राहतो, डॉक्टर डॉक्टरच राहतो. मला हवंय ते एवढंच.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. परवाना कडक केला तर उरतात किती जण? देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता येत नाही. निम्हान्सनं २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपलं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.) अशात उद्या सगळ्या पाट्या उतरवल्या, तर गर्दी आमिलच्याच दारात होईल. शिवाय भाषेचा प्रश्न आहेच. “दिल घबराता है, जी नहीं लगता” असं सांगणाऱ्या बाईला इंग्रजी प्रश्नावलीत खुणा करायला लावणारा परवानाधारक काय कामाचा?

म्हणून मी ऐकणाऱ्यांवर बंदी मागत नाही. शिक्षक, इमाम, आशाताई, शेजारची खाला यांनी ऐकावंच. पण ऐकणं वेगळं आणि उपचार वेगळा. त्या मुलीला पुढे जे उपचार मिळाले, त्यात गोळ्यांबरोबर एक गोष्ट होती: दुसऱ्यानं हाताळलेली वही उघडायची आणि हात न धुता बसून राहायचं. आधी पाच मिनिटं, मग दहा. ऐकायला सोपं वाटतं. पण किती आणि कधी वाढवायचं हे न कळणाऱ्यानं केलं, तर मूल आणखी घाबरेल. जो पैसे घेतो, निदान सांगतो आणि नावापुढे समुपदेशक किंवा थेरपिस्ट लावतो, त्याच्या पाटीवर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. तो क्रमांक मोबाइलवर मराठीत, उर्दूत तपासता आला पाहिजे. गुप्तता मोडली तर कुठे जायचं, तो पत्ताही तिथेच हवा. २०१७च्या कायद्यानं रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिलाय. नोंदच नसलेल्या माणसाकडून तो वसूल कसा करायचा? आणि याच्या जोडीला सरकारी महाविद्यालयांत या अभ्यासक्रमांच्या जागा वाढवाव्या लागतील, नाहीतर परवाना म्हणजे शहरातल्या महागड्या दवाखान्यांची मक्तेदारी होईल.

याच कायद्यात एक गोष्ट वाचून मी चकित झाले. मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत युनानीच्या मोआलिजात विषयात, नफ्सियातसह, पदव्युत्तर झालेले हकीमही येतात. मोहल्ल्यात हकिमाकडे जायला कुणी लाजत नाही. शिकलेल्या आणि नोंद असलेल्या हकिमानं गंभीर रुग्ण ओळखून पुढे पाठवला, तरी खूप झालं. आपल्या युनानी कॉलेजांनी या वाटेचा विचार केलाय का, हे तिथल्या लोकांनी सांगावं.

ती मुलगी आता अकरावीत आहे. वुजूला दहा मिनिटं लागतात, परीक्षेच्या दिवसांत पंधरा. महिन्यातून एकदा एसटीनं जिल्ह्याच्या गावी जाते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तिथेच बसतात.

मी मुख्याध्यापकांना माझं नाव त्या ओळीतून काढायला सांगितलं. ते म्हणाले, “आपा, तपासणीला साहेब आले तर तिथे काय दाखवू?” त्यांचंही खरं होतं. मी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी, मोफत क्रमांक मोठ्या अक्षरांत उर्दूत आणि मराठीत लिहून त्या जागी चिकटवला. खाली लिहिलं: बोलायचं असेल तर मधल्या सुट्टीत नववी ब मध्ये या. मागच्या तपासणीत साहेबांनी तो कागद वाचला आणि समुपदेशकाचा रकाना रिकामा का, असा शेरा मारून गेले.