रोजचा हिशेब

पैसा मिळविणे कठीण, हे सर्वांस ठाऊक असते. पण तो गेला कोठे, हे पुष्कळांस सांगता येत नाही. महिनाअखेर खिसा रिकामा होतो आणि मोठी खरेदी तर काहीच झालेली नसते. मोठा खर्च मनुष्य विचार करून करतो. लहान खर्च मात्र त्याच्या ध्यानात राहत नाही. झिरपणाऱ्या घागरीतले पाणी असेच नकळत सरते.

हे छिद्र शोधण्याचा उपाय म्हणजे रोजचा हिशेब. १८८८ साली महात्मा गांधी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. आरंभी उंची पोशाख आणि नृत्याची शिकवणी यांवर त्यांनीही पैसे घालविले. पण गाडीभाडे, टपाल, वर्तमानपत्र असा बारीकसारीक खर्चही ते लिहीत आणि निजण्यापूर्वी शिलकेचा मेळ घालीत. पुढे खर्च निम्म्यावर आणण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा गाडीभाड्यात बराच पैसा जातो, हे त्या हिशेबानेच दाखविले. मग कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल, अशी खोली त्यांनी घेतली. भाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैल चालण्याने प्रकृतीही सुदृढ राहिली. नंतरच्या काळात सार्वजनिक कार्याचे लाखो रुपये त्यांच्या हातून खर्च झाले. तेव्हा हीच सवय कामी आली.

हिशेब ठेवणे म्हणजे कंजूषपणा, असे काही जण समजतात. ते बरोबर नाही. कृपण मनुष्य खर्चाला भितो. हिशेबी मनुष्य खर्च ओळखून करतो. वही कशालाही मनाई करीत नाही. खाऊला किती गेले आणि पुस्तकाला किती, एवढेच ती सांगते. रोजचे ५ रुपये वाचले, तर वर्षाचे १८२५ होतात. एखाद्या अडलेल्या सोबत्याच्या वह्या त्यातून सहज येतील. असे औदार्य दाखविणे कृपणाला जमत नाही आणि उधळ्यालाही जमत नाही.

मात्र वही खरी हवी. लाज वाटून एखादा खर्च गाळला, तर मेळ बसत नाही. आणि फसतो तो दुसरा कोणी नव्हे, लिहिणाराच. आज फोन पुढे करताच दुकानदाराचे पैसे चुकते होतात. त्याची नोंद फोनमध्ये राहते खरी, पण ती वाचतो कोण? स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा मात्र मनात टोचतो.

जमा, खर्च आणि शिल्लक, अशा तीनच ओळी रोज लिहावयाच्या असतात. त्यांना फार तर पाच मिनिटे लागतात. ज्याला स्वतःच्या पाच रुपयांचा हिशेब देता येतो, त्याच्याच हाती लोक पुढे पाच लाख विश्वासाने सोपवितात.