पुरवणीत न छापलेले पान

दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला, की मराठवाड्यातील वृत्तपत्रांच्या मुक्तिसंग्राम पुरवण्या निघू लागतात. धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला त्यांचा क्रम एव्हाना पाठ झाला आहे. स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, सरहद्दीवरच्या छावण्या, रझाकारांचे अत्याचार, १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून नळदुर्गात शिरलेली भारतीय फौज आणि चार दिवसांनी निजामाची शरणागती. बहुतेक पुरवण्यांत कथा येथे संपते. १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत ह्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत काय घडले, ह्याविषयी चकार शब्द नसतो.

जे घडले त्याची नोंद मात्र आहे. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री ह्यांनी १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हैदराबाद संस्थानाचा दौरा केला. त्यांच्या अहवालाने सर्वाधिक पोळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद होता. गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे उरलेले तीन. ह्या चार जिल्ह्यांत मिळून किमान १८ हजार माणसे मारली गेली आणि संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार, असा त्यांचा अंदाज होता. मरणारे प्रामुख्याने मुसलमान होते. हत्या, लूट, जाळपोळ, सक्तीचे धर्मांतर, घरे-जमिनी बळकावणे हे सारे अहवालात आहे. स्थानिक जमावांबरोबर काही ठिकाणी लष्कर व पोलिसांतील माणसांचाही त्यात हात होता, हेही आहे. शासनाने हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. शासनाला झाकायचे होते म्हणून त्याने झाकले, हे समजण्यासारखे आहे. पण ज्यांचा धंदाच उघडे करण्याचा, त्या पत्रकारांनी का झाकले?

ह्याचे उत्तर भांडवलदार मालकांच्या दडपणात शोधण्याची सवय डाव्या चळवळीला आहे. ती सवय पुष्कळदा बरोबर असते. २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी उमेदवारांच्या जाहिराती बातम्या म्हणून छापल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा बातमी कशी विकली जाते हे सर्वांनी पाहिले. परंतु विकलेला पक्षपात ओळखायला सोपा असतो. त्याची पावती कुठेतरी सापडते. १९४८च्या मौनासाठी कुणी कुणाला पैसे दिल्याचे दिसत नाही. ते मौन प्रामाणिक, निःस्वार्थी, कारावास भोगलेल्या माणसांनीही पाळले. ज्यांच्या घरांवर रझाकार चालून आले होते, त्यांना पुढच्या पानावर बळी म्हणून दुसराच कुणी दिसेना. हा मनाचा पक्षपात आहे. तो लेखकाला सद्गुणासारखा भासतो आणि म्हणूनच विकलेल्या पक्षपाताहून तो अधिक घातक ठरतो.

असा पक्षपात प्रथम व्याकरणात प्रकट होतो. रझाकारांविषयी लिहिताना वाक्य कर्तरी असते: त्यांनी गाव लुटले, माणसे कापली. तेच वर्तमानपत्र पुढच्या काळाविषयी चुकून काही लिहिते तेव्हा कर्ता अदृश्य होतो: ‘काही अनुचित प्रकार घडले’. अनुचित प्रकार आपोआप घडत नाहीत. ते कुणीतरी करतो आणि कुणालातरी भोगावे लागतात. ज्या वाक्यातून कर्ता पळून गेला आहे, तेथे लेखकाने स्वतःची झडती घ्यावी. तीच गोष्ट नामांची. रणगाड्यांसह झालेल्या स्वारीला ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले, आणि ‘रझाकार’ हा एका सशस्त्र संघटनेचा सभासद न राहता हळूहळू एका संपूर्ण जमातीचा पर्याय बनला. मग शोएबुल्ला खान कुठे बसवायचा? हैदराबादच्या ‘इमरोज’ ह्या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहीत होता. ऑगस्ट १९४८मध्ये रझाकारांनी त्याचा खून केला. स्वतःच्या जमातीच्या प्रबळ प्रवाहाविरुद्ध लिहिण्याची किंमत त्याने प्राणांनी मोजली. त्याच्या हौतात्म्याचा आदर करणाऱ्या मराठी पत्रकाराला निदान स्वतःच्या समाजाविषयी एक अप्रिय परिच्छेद लिहिण्याचे धैर्य नसावे काय?

ह्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की पत्रकाराने तटस्थ असावे, जुने उकरून काढू नये. ही तटस्थता फसवी आहे. काय छापायचे नाही हे ठरवणारा माणूस तटस्थ नसतो. प्रचलित वृत्तपत्रे आपापल्या जातींचे हित पाहतात म्हणून डॉ. आंबेडकरांना १९२०मध्ये ‘मूकनायक’ काढावे लागले, हा महाराष्ट्राचाच इतिहास आहे. दुसरा आक्षेप चळवळीतूनच येतो: आमची बांधिलकी जाहीर आहे, मग पक्षपाताची चर्चा कशाला? वस्तुतः बांधिलकी कोणत्या प्रश्नासाठी लढायचे ते ठरवते; कोणता पुरावा दडपायचा ते ठरवण्याचा अधिकार तिला नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे लिहिले तर मुक्तिलढ्याचे तेज कमी होईल आणि जमातवाद्यांना कोलीत मिळेल, असे म्हटले जाते. पण ज्यांच्या घरातली माणसे गेली त्या घरांत ही हकीकत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वर्तमानपत्राने ती टाळली म्हणून ती नाहीशी होत नाही, ती कुजबुजीत जाते, आणि कुजबुजीवर कुणीही विष पेरू शकतो. सामंती राजवटीविरुद्धचा लढा न्याय्य होता. त्याच्या न्याय्यतेला निरपराध विणकर-मजुरांच्या हत्येवर पांघरूण घालण्याची गरज भासत असेल, तर लढ्यावरचा विश्वासच कच्चा आहे.

उलट बाजूचा पक्षपातही तितकाच खरा आहे. सुंदरलाल अहवालातील आकडे तेवढे उचलायचे आणि रझाकारांची लूट, खंडणी व खून गाळायचे, ही चलाखीही केली जाते. अंदाज हा अंदाज आहे हे न सांगता त्याला मोजलेली संख्या म्हणून मिरवणे, हाही त्याचाच प्रकार. आणि दोन्ही बाजू एकमताने जे गाळतात, ते तर अहवालातील सर्वांत मोलाचे आहे: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. धर्माची दंगल पेटली असता मागाशी बसणारे मागाशी बसणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. समाजवादी साप्ताहिकांनी ही हकीकत कधीच डोक्यावर घ्यायला हवी होती. ती मागे राहिली, कारण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आधी नकोशी पाने वाचावी लागतात.

पक्षपात समूळ जात नाही. त्याला वेसण घालता येते. लिहिण्यापूर्वी काय सिद्ध झालेले आवडेल हे लेखकाने स्वतःपुरते कागदावर मांडावे, आणि त्याच्या विरुद्ध साक्ष देणाऱ्याकडे आधी जावे. दोन्ही बाजूंच्या हत्येला एकच क्रियापद वापरावे. आकडा कुणाचा आणि कशाच्या आधारे, ते सांगावे. चूक निघाली तर जेथे ती छापली तेथेच तितक्याच ठळकपणे दुरुस्त करावी. नावांच्या बाबतीतही हेच. २०२३पासून शहराचे अधिकृत नाव धाराशिव आहे. आज कोणते नाव लिहिले यावरून लेखकाचा पक्ष ओळखण्याची टूम निघाली आहे. आजच्या बातमीत धाराशिव लिहावे, १९४८च्या जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणावे. ह्यात न निष्ठा आहे न द्रोह, केवळ अचूकता आहे.

मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी जवळजवळ संपली आहे. जे थोडे वृद्ध उरले आहेत, त्यांत टेकड्यांआड लपलेले आणि लपवणारे, दोन्ही असतील. कार्यकर्त्यांनी येत्या १७ सप्टेंबरपूर्वी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसावे, दोघांचेही ऐकावे आणि दोघांचेही एकाच पानावर छापावे. मुक्तीचा उत्सव करणाऱ्या वृत्तपत्राने निदान स्वतःच्या भीतीतून मुक्त व्हायला नको काय?