बऱ्हाणपूरचे माग चालते ठेवू या

बऱ्हाणपूरकरांनो, सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये आपल्या शहरात आला, तेव्हा इथलं कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलं. पुढे मोगलांची सत्ता गेली, इंग्रज आले आणि गेले, हातमागाच्या जागी यंत्रमाग आला. पण विणकाम या शहराने सोडलं नाही. आज मात्र ते सुटण्याची वेळ आली आहे.

आपल्याकडचा बराचसा मागवाला मजुरीवर विणतो. व्यापारी सूत आणि बीम देतो. जागा, वीज, कारागीर आणि दुरुस्ती मागवाल्याची. कापडाचे तागे पोचवायचे आणि मजुरीची वाट बघायची. सुताचा भाव चढला की काम घटतं, काम घटलं की मजुरीचा दर पडतो. विजेचं बिल मात्र ठरल्या तारखेला येतंच. याच कोंडीत भिवंडी-मालेगावातले कितीतरी माग भंगाराच्या भावाने विकले गेले. तोच दिवस आपल्याकडे उजाडू द्यायचा का?

एका मागावर एकाच घराचं पोट नसतं. कांड्या भरणाऱ्या बाया, जॉबर, सायझिंगचे कामगार, तागे वाहणारे हातगाडीवाले, सगळ्यांची चूल त्यावर पेटते. लालबागची ताप्ती मिल मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि एका फाटकामागे सगळ्या कामगारांची रोजी अडकली. गल्लोगल्ली विखुरलेल्या छोट्या मागांची रोजी अशी एका निर्णयाने थांबत नाही. जागतिक बँकेच्या अंदाजाने जगातला निम्म्याहून अधिक रोजगार लहान-मध्यम उद्योग देतात. विकसनशील देश उभे राहतात ते अशाच कारखान्यांवर.

म्हणून प्रत्येकाने आपला वाटा उचलायचा आहे.

व्यापारी बंधूंनो, मजुरी वेळेवर द्या. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण कायद्याच्या धाकाने कशाला? पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार आहे, तो राखा.

मागवाले भावांनो, 'उद्यम' नोंदणी मोफत आहे, ती आजच करा. नोंदणीशिवाय थकलेल्या मजुरीसाठी या कायद्याचा आधार घेणं अवघड जातं. मजुरीचा दर आणि मुदत कागदावर घ्या. दहा-वीस जण मिळून सूत खरेदी करा. एकट्याला न मिळणारा भाव गटाला मिळतो.

सरकारकडे आपण एकमुखाने मागू: यंत्रमागाला परवडणाऱ्या दरात वीज, नव्या मागांसाठी सोपं कर्ज आणि ताप्ती मिलच्या भवितव्याचा स्पष्ट निर्णय.

आणि नागरिकहो, शाळा, दवाखाना, दुकान चालवत असाल, तर जे कापड इथे विणलं जातं ते इथूनच घ्या.

येत्या आठवड्यात आपापल्या मोहल्ल्यात बैठक बोलवा. मागवाला, व्यापारी, कामगार एकत्र बसवा, थकलेल्या मजुरीची यादी करा आणि पहिला हिशोब त्याच बैठकीत चुकता करा. उद्योग वाचवायची सुरुवात तिथूनच होईल.