गाडीत गाणं नको, गिटार लावा

गाडी चालवताना ऐकायचं संगीत बिनशब्दांचं असावं आणि जमल्यास स्टील गिटारचं असावं, या मतावर मी बरीच वर्षं ठाम आहे. माझ्या गाडीत बसणाऱ्यांना ते क्वचितच पटतं. आमच्या ऑफिसातले एक सहकारी तर म्हणाले, "मॅडम, हे मंगल कार्यालयात जेवणं चालू असताना लावतात ना, ते आहे." त्यांचं निरीक्षण चूक नाही. हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांची आपल्याकडे हीच जागा ठरून गेली आहे. मठ्ठ्याचा ग्लास हातात आणि कान दुसरीकडे. माझं म्हणणं एवढंच, की या वाद्याची खरी जागा पंगतीत नाही, गाडीत आहे.

मी बियाण्यांच्या कंपनीत आहे. देऊळगावराजाकडच्या शेडनेटमधले मिरची-टोमॅटोचे प्लॉट बघायचे, हंगामात कारंजा लाडच्या पुढे सोयाबीनकडे जायचं, संध्याकाळी जालन्याला परत यायचं. गाडी स्वतः चालवते. म्हणजे दिवसाचे काही तास माझ्यासमोर रस्ता असतो आणि कानाला काम नसतं. या कानाला काय द्यायचं, हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा नाही, नोकरीचा भाग आहे.

स्टील गिटार म्हणजे मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवलेली गिटार. तारा पट्टीपासून वर उचललेल्या असतात. डाव्या हाताची बोटं त्या दाबत नाहीत, हातात धरलेला पोलादी दांडा त्यांच्यावरून सरकवतात. त्यामुळे पडद्यांचं बंधन सुटतं आणि एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. हवाईच्या ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने 1889 च्या सुमारास ही पद्धत बसवली, असं मानतात. पहिल्यांदा त्याने तारेवर काय घासलं याच्या कथा अनेक आहेत. रुळावरचा बोल्ट, कंगवा, चाकू, जो सांगेल त्याचं खरं. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईच्या वादकांनी अमेरिकेला वेड लावलं आणि पुढे हे वाद्य जगभर गेलं. टाउ मो हा हवाईचा गिटारवादक 1940 च्या दशकात कुटुंबासह कलकत्त्यात राहून वाजवत होता, शिकवत होता. तिथे या वाद्याने असं मूळ धरलं, की काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध नझरुलगीतं याच गिटारवर वाजवू लागले आणि बटुक नंदी रवींद्रसंगीत. आपल्या कानांना हा सूर परका वाटायचं कारणच नव्हतं. विचित्र वीणेवर बट्टा फिरवून निघणारी मींड आपण आधीच ऐकलेली होती.

आता गाडीतच का? पहिलं कारण शब्द. गायलेलं गाणं लावलं की मी गाऊ लागते, आणि अंतऱ्याचा दुसरा शब्द आठवेना की डोकं तिथेच अडकतं. समोरचा ट्रक इंडिकेटर न देता लेन बदलतोय हे तेव्हा अर्ध्या सेकंदाने उशिरा कळतं. बातम्यांच्या चर्चा आणि पॉडकास्ट यांचं तर विचारूच नका. त्यात माणूस मनातल्या मनात भांडायला लागतो. याउलट ओळखीची चाल गिटारवर वाजली की शब्द आपोआप आत कुठेतरी चालू राहतात, त्यांच्यामागे धावावं लागत नाही. मन रिकामं नसतं आणि गुंतलेलंही नसतं. मला गाडीत नेमकं तेवढंच हवं असतं.

दुसरं कारण आवाजाचं, आणि याचा विचार फार कमी लोक करतात. समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे. शंभरच्या वेगाने गेलात की टायरची एक अखंड घूं चालू होते, शिवाय एसीचा पंखा. या गदारोळात खालचे सूर बुडतात. तंबोरा जातो, बायाँ जातो, बासरीचा खर्ज जातो. विजेवर चालणाऱ्या स्टील गिटारचा सूर मधल्या-वरच्या पट्टीतला, लांब टिकणारा आणि कडा असलेला. तो या घुंईवर तरंगतो. जुन्या ध्वनिमुद्रिकांत तर सगळं एकाच उंचीवर वाजवलेलं असतं. स्टिरिओवर चांगल्या हेडफोनने ऐकलं तर सपाट वाटेल, पण गाडीत तो गुण ठरतो, आवाज कमी-जास्त करायला हात स्टीअरिंगवरून काढावा लागत नाही. गाडीतलं संगीत आणि विजेची गिटार यांची जोडी जन्मापासूनची आहे म्हणा ना: मोटारीत बसवायचा मोटोरोलाचा रेडिओ 1930 चा, आणि व्यापारी तत्त्वावर विकली गेलेली पहिली विजेची गिटार, रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन', 1932 ची. आणि ती गिटार मांडीवर ठेवूनच वाजवायची होती, रॉकवाल्यांसारखी गळ्यात अडकवून नाही.

माझ्या यादीत सगळ्यात वर व्हॅन शिप्ली. लखनौचे, मुंबईच्या सिनेसंगीतात रमलेले, व्हायोलिनही वाजवणारे. त्यांच्याबरोबर अकॉर्डियनवर अनेकदा पुण्याचे इनॉक डॅनियल्स. या दोघांच्या जुन्या तबकड्यांत मला आवडतो तो त्यांचा चोख हिशेब. मुखडा गिटारला, मधला संगीताचा तुकडा अकॉर्डियनला, परत येताना गिटार थोडी सजून. मूळ गायकाने जिथे श्वास घेतला असेल तिथेच शिप्लींचा दांडाही उचललेला जाणवतो. म्हणजे हा माणूस चाल वाजवत नव्हता, गायन वाजवत होता. नंतरच्या काळात कलकत्त्याच्या सुनील गांगुलींनी अशाच ढंगात ढिगाने गाणी वाजवली. त्यांची गिटार जास्त गोड, कधीकधी नको तितकी. दुपारच्या जेवणानंतर ती मी लावत नाही. सकाळी सातला, उन्हं तिरपी असताना, जालना सोडल्या सोडल्या गांगुली आणि ट्रकांची गर्दी सुरू झाली की शिप्ली, असा माझा क्रम आहे.

आता एका पवित्र गोष्टीबद्दल वाकडं बोलते. स्टील गिटार म्हटलं की जाणकार मंडळी लगेच 'कॉल ऑफ द व्हॅली' सुचवतात. 1967 ची ही तबकडी: शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्याला माणिकराव पोपटकर. जोधपूरचे काब्रा अली अकबर खाँसाहेबांकडे शिकले आणि हवाईच्या या वाद्यावर त्यांनी पहिल्यांदा भरीव रागदारी उभी केली. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहीरभैरवापासून पुढे. घरी, रात्री, दिवे घालवून ऐकावी अशीच ती चीज आहे. पण गाडीत? सुरुवातीचं संतूर इतकं हळुवार की टायरच्या आवाजात अर्धं विरघळतं. म्हणून आवाज वाढवावा, तर पुढे तिघं एकत्र आले की दचकायला होतं. पोपटकरांच्या तबल्याचे बारकावे तर शंभरच्या वेगात हातीच लागत नाहीत. इतक्या निगुतीने वाजवलेलं संगीत अर्धवट ऐकणं मला अपमानासारखं वाटतं. काब्रांवर प्रेम असेल तर त्यांना गाडीतून उतरवा.

अपवाद 'अ मीटिंग बाय द रिव्हर'. 1992 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा इथल्या एका चर्चमध्ये जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेचा राय कूडर बसले. आधी ओळख जेमतेम, तालीम नाही. भट्टांच्या मांडीवर त्यांनी स्वतः घडवलेली मोहनवीणा, म्हणजे गिटारच, पण चिकारीच्या आणि तरफेच्या तारा चढवून वीसेक तारांची केलेली. कूडर मात्र गिटार नेहमीसारखी धरून बोटात नळी घालून वाजवणारा. तबल्याला सुखविंदर सिंग नामधारी, आणि दुंबेक नावाच्या ढोलकीवर कूडरचा मुलगा, तेव्हा अजून शाळकरी वयाचा. चार तुकडे, सगळे मिळून चाळीस मिनिटांच्या आत. पुढच्या वर्षी ही तबकडी बाहेर आली आणि 1994 मध्ये तिला ग्रॅमी मिळालं.

ही गाडीत का चालते याचा मी विचार केला आहे. दोघांतला एकही दुसऱ्याला हरवायला बघत नाही. भट्ट एक वाक्य टाकतात, कूडर थांबतो, मग अर्धंच उत्तर देतो, बाकीचं सोडून देतो. तिसऱ्या तुकड्यात तो आपल्या ब्लूजवर येतो, तेव्हा भट्ट त्याच्या मागून जातात, पण स्वतःची मींड सोडत नाहीत. घाई कुणालाच नाही आणि लय मात्र कुठे बसत नाही. मी चांगली गाडी चालवते तेव्हा असंच चालवते: पुढच्याचा अंदाज घेत, अंतर राखत, जागा मिळाली तरच पुढे. शेवटचा तुकडा फिजी बेटांवरच्या निरोपाच्या गाण्याचा आहे, आणि तिथे तर दोघंही फक्त चाल वाजवतात, कसलीही करामत न करता. जालन्याच्या इंटरचेंजवर लावली तर सिंदखेडराजा मागे पडून मेहकर यायच्या आत ही तबकडी संपते. लगेच पुन्हा लावू नये. थोडा वेळ नुसता रस्ता ऐकावा.

परदेशातलं म्हणाल तर सँटो आणि जॉनी या ब्रुकलिनच्या भावांचं 1959 चं 'स्लीप वॉक' मी ठेवलं आहे. ते त्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. अडीच मिनिटांचंही नाही ते, पण इतकं मोजकं आणि गुळगुळीत की टोलच्या रांगेत चिडचिड होत नाही. आणि एका वादकावर मी स्वतःहून बंदी घातली आहे: न्यू जर्सीचा रॉबर्ट रँडॉल्फ. तिकडच्या काही कृष्णवर्णीय चर्चमध्ये 1930 च्या दशकापासून ऑर्गनऐवजी स्टील गिटारवर प्रार्थना चालते, तो त्या परंपरेतला. पायाने दाबायच्या पेडलची गिटार वाजवतो आणि ती अक्षरशः किंचाळते. अप्रतिम. पण त्याच्या पहिल्या पाच मिनिटांत काटा 120 च्या पुढे सरकलेला असतो, आणि समृद्धीवर मोटारीला मर्यादा तेवढीच आहे. ज्यांचा उजवा पाय कानाचं ऐकतो त्यांनी जपून.

समृद्धीचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकते. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे जून 2025 मध्ये, आणि आता हा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला आहे. सुरुवातीपासून अपघातांच्या चर्चेत 'रोड हिप्नोसिस' हा शब्द येतो. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता डोळे उघडे ठेवूनही माणसाला झोपवतो. यावर उपाय म्हणून लोक गाणी मोठ्याने लावतात. कुठलंही संगीत झोपेवर औषध नाही, माझी गिटारही नाही. डोळे जड झाले तर इंटरचेंज घेऊन बाहेर पडायचं, चहा घ्यायचा, वीस मिनिटं सीट मागे करून झोपायचं. आणि कन्नडचा औट्रम घाट असेल तर सगळंच बंद. तिथे मला फक्त खालून चढणाऱ्या ट्रकचा गिअर ऐकायचा असतो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. शिप्ली-गांगुलींसारखी ही गिटारवाली मंडळी आज शोधायची म्हटली तर सापडत नाहीत. मोबाइलवरच्या ॲपमध्ये गिटार आणि जुनी गाणी असं टाकलं की कीबोर्डवर बनवलेल्या गिटारचा ढीग समोर येतो, तोही 'रिलॅक्सिंग' अशा पाटीखाली. खऱ्या वादकाची तबकडी मिळालीच तर नाव चित्रपटाचं, वर्ष तबकडी पुन्हा विकायला काढल्याचं, आणि सोबत अकॉर्डियन कुणाचं, तबला कुणाचा, संगीत-संयोजन कुणाचं याचा पत्ता नाही. जुन्या तबकडीच्या कव्हरवर निदान मुख्य वादकाचा सुटाबुटातला फोटो आणि ठळक नाव तरी असायचं. चाल रचणाऱ्याचं, गाणाऱ्याचं नाव आपण पाठ करतो आणि तीच चाल बिनशब्दांची उभी करणाऱ्याला मंगल कार्यालयाचा भोंगा समजतो. ज्यांच्याकडे या मुद्रणांचे हक्क आहेत त्यांनी जुन्या कव्हरांवरचा मजकूर जसाच्या तसा ॲपवर चढवावा. त्याला ना स्टुडिओ लागतो ना मोठा खर्च.

मागच्या सीटवर बसायचा योग आला तर मात्र यादी पूर्ण बदलते. मग काब्रांची लांब आलापी, बनारसच्या कमला शंकर, आणि बावीस तारांची चतुरंगी वाजवणारे कलकत्त्याचे देबाशिष भट्टाचार्य. देबाशिषना ऐकताना मला खिडकीतून बाहेर बघायचं असतं, समोर नाही. अडचण एवढीच, की मी मागे बसते तेव्हा कंपनीची गाडी असते, गाडीत काय वाजणार हे चालवणारा ठरवतो, आणि आमचे ड्रायव्हरमामा आनंद शिंदेंशिवाय दुसरं काही लावत नाहीत.