खर्र्याच्या डागाआड राहिलेली भावंडे

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत दात हलतो म्हणून आलेल्या रुग्णाला पहिला प्रश्न बहुधा खर्र्याचा विचारला जातो, आणि सुपारी, तंबाखू व चुन्याचे हे मिश्रण येथे किती खाल्ले जाते ते पाहता तो प्रश्न गैरही नाही; मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या दाढा आणि पटाशीचे दात हलत असतील, किटण जेमतेम असेल आणि हिरडी वरवर गुलाबी असेल, तर खर्र्यावर बोट ठेवून केसपेपर बाजूला सारणे ही निदानातली चूक ठरते. अशा दाढेच्या कडेला प्रोब घातला की तो सात-आठ मिलिमीटर आत जातो, आणि क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंचे हाड कमानीसारखे खचलेले दिसते.

दातांभोवतीचे हाड झिजवणाऱ्या या आजाराला (पेरिओडॉन्टायटिस) १९९९च्या वर्गीकरणात 'आक्रमक' म्हटले गेले आणि एकाच कुटुंबात अनेकांना होणे हे त्याचे एक मुख्य लक्षण मानले गेले. २०१७च्या जागतिक कार्यशाळेने ते नाव काढून टाकले, ते योग्यच झाले. पण नावाबरोबर भावंडांची चौकशी करण्याची सवयही गेली, तर तो तोटाच म्हणावा लागेल.

कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. ॲग्रीगेटिबॅक्टर ॲक्टिनोमायसिटेमकोमिटन्स हा जिवाणू ल्यूकोटॉक्सिन नावाचे विष सोडून न्यूट्रोफिल, म्हणजे हिरडीचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, मारतो; हे विष भरमसाट बनवणारा त्याचा जेपी२ वाण तोंडात असलेल्या मोरोक्कोतील किशोरांत आजाराचा धोका सुमारे १८ पट आढळल्याचे २००८मध्ये प्रसिद्ध झाले. हा जिवाणू लाळेवाटे घरातल्या घरात पसरतो, त्यामुळे कुटुंबात आढळणारी प्रत्येक गोष्ट जनुकांच्या माथी मारता येत नाही. उलट, पॅपियाँ-लफेव्र विकारात दोष निःसंशय जनुकाचा असतो: कॅथेप्सिन-सी हे विकर बनवणारे जनुक आईवडील दोघांकडूनही सदोष आले, तर न्यूट्रोफिलमधील जंतुनाशक विकरे कार्यक्षम होत नाहीत, तळहात-तळपाय जाड होतात आणि दुधाचे दात चौथ्या-पाचव्या वर्षीच पडू लागतात. अनवाणी चालणाऱ्या मुलाचा जाड तळपाय येथे कोणाच्या नजरेत भरत नाही; म्हणून तळहातही पाहावेत, आणि आईवडील आते-मामे भावंडे आहेत का, हे ठपक्याचा सूर न लावता विचारावे.

उपचारात खोल सफाईला जोड म्हणून ॲमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल दिले जाते. सफाईवाचून नुसत्या गोळ्या देणे व्यर्थ आहे, आणि मेट्रोनिडॅझोल चालू असताना मोहाची दारू वर्ज्य, हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते.

सिकलसेलमुळे या जिल्ह्यांत 'एकाला निघाले तर घरातल्या सगळ्यांची तपासणी' ही गोष्ट आशाताईंना नव्याने शिकवावी लागत नाही. तोच नियम हिरड्यांना लावायला वेगळी योजना नको, दोन मिनिटे आणि एक प्रोब पुरे. एका मुलीचे निदान झाले की तिच्या धाकट्या भावंडांना बोलावून घ्यावे, आणि ती तारीख मोहफुले व तेंदूपानांच्या हंगामाआधीची द्यावी, कारण त्या दिवसांत कुटुंब जंगलात असते.