रायफल निघाली गोव्याला

दिवाळीची आवराआवर मोठी चहाडखोर असते. माळ्यावरून कधी कोणाची गुपिते खाली येतील याचा नेम नाही. कोठे बिनकाट्याचे घड्याळ निघते, कोठे लग्नातला फेटा, तर कोल्हापूरकडच्या एखाद्या जुन्या घरात कॅनव्हासच्या गवसणीत गुंडाळलेली लांबट, जड वस्तू निघते. ती रायफल असते. आजोबांनी एके काळी दाजीपूरच्या बाजूला शिकारीला नेलेली, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून स्वस्थ पडून राहिलेली. मग घरात बोलणे निघते की, धाकटे भाऊ पणजीला असतात, त्यांना हौस आहे, तेव्हा भाऊबीजेला जाताना गाडीत टाकून नेऊ.

वाचकहो, हे 'गाडीत टाकून नेऊ' फार महागात पडते.

प्रथम एक सरळ प्रश्न. ही रायफल कोणाची? "आमचीच की! बाबांची होती," असे उत्तर येईल. १९५९ चा शस्त्र कायदा तसे मानत नाही. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नव्हे. बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या परवान्याचा आधारही गेला, आणि माळ्यावर उरली ती बिनपरवान्याची रायफल. अशा वेळी ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी, असे या कायद्याचे २१ वे कलम सांगते. पुष्कळांना वाटते, जमा केली म्हणजे गेली. तसे नाही. वारसाला परवाना मिळाला की ती परत मिळते, नाहीतर रीतसर विकता येते. मात्र जमा करून विसरू नये. ठरलेली मुदत उलटली तर ती सरकारजमा होऊ शकते. आणि पावती घेतल्यावाचून ठाण्याच्या पायऱ्या उतरू नयेत.

वारसाच्या परवान्याची वाट २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. अर्ज एकाने करायचा आणि बाकीच्या वारसांनी 'आमची हरकत नाही' असे लिहून द्यायचे. येथेच घोडे अडते. शेताच्या वाटणीवरून अबोला धरलेला भाऊ रायफलीच्या कागदावर सही कशाला करील? म्हणून मला तर वाटते, ही गोष्ट वडील हयात असतानाच उरकावी. नियमांत तशी सोय आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षे राहिले, यांतले जे आधी घडेल तेव्हापासून त्याला आपल्या हयातीतच ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. घेणाऱ्याकडे आधीच दोन शस्त्रे असतील तर मात्र तिसरे मिळणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच, अशी मर्यादा घातली आहे आणि वारसाहक्काचे शस्त्रही त्यातच मोजायचे आहे. त्याच दुरुस्तीने परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची शिक्षा वाढवून किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व शिवाय दंड अशी केली. 'आठवण म्हणून ठेवली होती' हे न्यायालयात फारसे कामाला येत नाही.

"पण वडील आहेत, परवाना चालू आहे, आणि त्यांनी मला चिठ्ठी लिहून दिली आहे!" असे एखादा चिरंजीव म्हणेल. चिठ्ठीला कायद्यात जागा आहे, पण ती लहान आहे. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसऱ्याला बंदूक नेता येते, ती तीन कामांसाठी: दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला, किंवा स्वतः परवानाधारकाच्या वापरासाठी. पणजीच्या काकांना देण्यासाठी नव्हे. काकांना हवी असेल तर काकांनी परवाना मिळवावा आणि तो झाल्यावर रायफल हलावी. ती जमा कोल्हापुरात आणि परवाना गोव्याचा, अशी स्थिती असेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या वाटेने, कोण नेणार याची परवानगी लेखी मागावी. तोंडी 'जा हो, काही होत नाही' नाक्यावर दाखवता येत नाही.

आता परवाना हाती आहे असे धरू. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस विरळाच. मुदत कधी संपते, रायफलीवर कोरलेला क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक एकच आहे ना, यूआयएन म्हणजे ओळख क्रमांक पडला आहे ना, काडतुसे किती ठेवता येतात, हे पाहावेच. पण प्रवासाला निघणाऱ्याने सर्वांत आधी पाहायचे ते 'क्षेत्र'. परवाना एखाद्या जिल्ह्यापुरता असतो, एखाद्या राज्यापुरता असतो, किंवा सर्व भारतापुरता. जिल्ह्यापुरता असेल तर गोव्याची गोष्ट सोडा, गगनबावड्याचा घाट उतरून सिंधुदुर्गात शिरलात की तो संपला. राज्यापुरता असेल तर पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत चालेल, पुढे नाही. क्षेत्र वाढवून घेण्यासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि तो भाऊबीजेच्या आदल्या दिवशी करून भागत नाही. नुसत्या अटीचा भंग झाला तरी ३० व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आणि वाट कोणती धरणार? कोल्हापूरहून गोव्याला जायला वाटा पुष्कळ, पण बरोबर रायफल असली की त्यांतल्या बहुतेक अडचणीच्या ठरतात. नेहमीचा रस्ता निपाणीवरून आंबोलीकडे जातो. हा रस्ता कोगनोळीला कर्नाटकात शिरतो. तुम्ही वाटेत चहालासुद्धा थांबला नाहीत तरी तेवढ्या मैलांपुरता कर्नाटकात चालणारा परवाना हवा. बेळगावावरून चोर्ल्याने उतरलात तर गोव्याचे म्हादई अभयारण्य लागते, अनमोडने उतरलात तर मोल्याचे भगवान महावीर अभयारण्य. वन्यजीव कायद्याचे ३१ वे कलम सांगते की, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरू नये. यावर हुशार वाचक म्हणेल, सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला सूट आहे की! सूट आहे, पण ती २७ व्या कलमात, माणसाच्या प्रवेशापुरती. शस्त्राबद्दलच्या ३१ व्या कलमात तसे शब्द नाहीत. रायफल गवसणीत होती, आम्ही थांबलोही नाही, हा वाद घालता येईल. पण तो वनखात्याच्या नाक्यावर रात्री नऊ वाजता घालण्यात काय अर्थ?

राहिला फोंडा घाट. हा रस्ता राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यातून जातो. दाजीपूरचे हे रान कोल्हापूरच्या महाराजांचे राखीव शिकारीचे रान होते, आणि १९५८ साली ते गव्यांचे अभयारण्य झाले. म्हणजे ज्या रानात आजोबांची रायफल एके काळी वाजली, त्याच रानातून ती आज लेखी परवानगीशिवाय नेता येत नाही. मला यात अन्याय दिसत नाही. गव्यांनी पुष्कळ सोसले आहे.

तेव्हा सुटसुटीत वाट गगनबावड्याची. करूळ घाटाने वैभववाडी, तळेरे, मग मुंबई-गोवा रस्त्याने कुडाळ, बांदा आणि पत्रादेवी. ओलांडायची राज्याची सीमा एकच, आणि अभयारण्य नाही. मात्र निघण्यापूर्वी दोन्हीकडे निवडणुकीची आचारसंहिता किंवा जमावबंदी तर नाही ना, याची चौकशी करावी. त्या काळात परवाना असलेली शस्त्रेही जमा करण्याचे हुकूम निघतात.

आता बांधाबांध. रायफल रिकामी आहे हे कोणाच्या सांगण्यावर मानू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून, चापाला बोट न लावता बोल्ट मागे ओढावा, मॅगझिन काढावे, आणि काडतुसाच्या घरात डोळ्याने पाहून वर बोटानेही चाचपावे. दोनदा. 'रिकामीच होती हो' हे वाक्य किती घरांत मूल गेल्यावर ऐकू आले आहे! बोल्टाची रायफल असेल तर बोल्ट काढून वेगळा बांधावा. रायफल कुलपाच्या कडक पेटीत, काडतुसे दुसऱ्या कुलपात, किल्ल्या परवानाधारकाच्या खिशात. २०१६ चे नियमही सांगतात की, सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेले असावे आणि नेणाऱ्याच्या ताब्यात असावे. म्हणून जेवायला खाणावळीत शिरताना पेटी गाडीत ठेवून सर्वांनी मिळून जाऊ नये. एकाने, म्हणजे ज्याच्या नावाचा परवाना त्याने, डबा गाडीतच खावा. वाटेत एखाद्या गावची जत्रा लागली तर रायफल घेऊन तिकडे वळू नये. परवान्याची मूळ प्रत जवळ असावी. पोलिसाने मागितली तर ती दाखवणे कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि पेटीला हात घालण्यापूर्वी 'आत रायफल आहे, रिकामी आहे' असे शांतपणे सांगितले की निम्मे काम होते.

विमानाने जाणाऱ्याने विमान कंपनीला आधी कळवून, तिच्या अटी विचारून, रायफल जाहीर करून सामानात द्यावी. हातातल्या पिशवीत शस्त्राचा तुकडाही नको. खरा घात करते ते विसरलेले काडतूस. शिकारीच्या जुन्या पिशवीच्या कोपऱ्यात एक सापडते आणि माणूस विमानाऐवजी पोलीस ठाण्यात जातो. बाळगणे म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुनवंतलाल खटल्यात १९७२ साली सांगितले आहे, आणि त्या आधारे पुष्कळजण सुटलेही आहेत. पण सुटण्याआधी वकील, जामीन आणि तारखा होतातच. पिशवी उलटी करून झटकायला दोन मिनिटे लागतात.

याला एक नामांकित अपवाद कर्नाटकातच आहे. कोडगूच्या कोडव लोकांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना इंग्रजी अमदानीत, १८६१ पासून, शस्त्रपरवान्यातून सूट मिळत आली. २०१९ साली केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली. पण त्यांनाही जिल्ह्याबाहेर पडताना मोजमाप आहेच: एक रायफल व तिची शंभर काडतुसे, एक साधी बंदूक व तिची पाचशे. आपण कोल्हापूरकर त्यात बसत नाही.

आणि हो, माळ्यावर गवसणीशेजारी वाघाचे कातडेही निघाले असेल तर ते त्याच गाडीत घालू नका. त्याचा कायदा वेगळा आणि अधिकारी वेगळा. मालकीचा दाखला आजोबांनी घेतला होता का, ते आधी जुन्या कागदांत शोधा. दाखला असला तरी कातडे राज्याबाहेर नेल्यावर तीस दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे वर्दी द्यावी लागते. दाखला नसेल तर ते हलवण्यापूर्वी वनखात्याच्या कचेरीत जा, आणि जाताना वकील बरोबर घ्या.